कमरेची चावी

ओल्या सुंभाचा वास आला की रेवदंड्याची ती संध्याकाळ अंगावर येते. आळीत गोडं पाणी माझ्याच विहिरीला. कुलूप घालून मी ते विकायचो. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस होते. ओट्यावर मारीमावशी नरकात जळणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगत होती. दारातल्या ज्या भिकाऱ्याला त्यानं कधी काही दिलं नाही, त्याच्याच हातून तो थेंबभर पाणी मागतो. तेवढ्यात शेजारचा पावलू कळशी घेऊन आला.

"दादा, बायको तापानं फणफणलीय. पैसं न्हाय."

फुकट दिलं तर सगळेच मागतील, म्हणून म्हणालो, "चावी हरवलीय रे."

"शोध मेल्या, न्हायतर गोष्ट तुझीच व्हायची!" मावशी म्हणाली. सगळे हसले, मीही हसलो. चावी माझ्या कमरेलाच होती.

पहाटे पावलूची बायको गेली. तेव्हापासून विहीर सगळ्यांना उघडी आहे. पावलू रोज पाणी भरतो आणि मलाच समजावतो, "दादा, चावी हरवली त्यात तुझा काय दोष?"