राहेलमावशीची प्रार्थना

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट आहे आणि मी ती मत्सरानं सांगतो आहे.

शेजारच्या करीमभाईंचं लेकरू तीन दिवस तापानं फणफणलंय. करीमभाई प्रार्थनेसाठी बोलवायला आले. मी उपदेशक, गावात सगळे मास्तर म्हणतात; लगेच वहाणा घातल्या.

“तुमी ऱ्हाऊ द्या, मास्तर. राहेलमावशीला पाठवा,” करीमभाई म्हणाले.

तरी मी मागोमाग गेलो. आपल्याच मंडळीतल्या निरक्षर राहेलमावशीनं लेकराच्या कपाळावर हात ठेवला. “बापा, मला काई येत न्हाई. तूच ये.” आणि उठली.

“झालं?” मी विचारलं.

“मंग? बापाला ऐकू येतं, मास्तर.”

ताप अजून आहे. लेकराच्या आईची भीती मात्र गेली.

दुपारपासून मी तेच वाक्य म्हणून पाहतोय. ‘मला काही येत नाही’ म्हटलं की दर वेळी पुढं ‘पण’ जोडतो. तुमच्यापैकी कुणाला तिथंच थांबता येतं का?