थोरल्याच्या बॅटरीची किंमत

वायरचोरीची ती फिर्याद मला आजही शब्दन् शब्द आठवते. तेव्हा मी कडेगावच्या बाजूला एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो आणि निवृत्तीला जेमतेम दोन वर्षं उरली होती. नावं कोणाचीच देणार नाही. ती माणसं अजून त्याच गावात, एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात.

एप्रिल चालू होता. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी बघत होतो, तेवढ्यात लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला एक माणूस आत आला. चालणं ताठ, पण डोळे रात्रभर न झोपलेल्या माणसाचे.

"सायेब, माझ्या घरातल्या सोलरच्या वायरी कुणीतरी कापून नेल्यात. त्यापायी माझी आई काल मरता मरता वाचली."

त्याची आई पंचाहत्तरीची. फुप्फुसं निकामी होत आलेली, दिवसातले बारा-चौदा तास ऑक्सिजनच्या मशीनवर. हे मशीन विजेवर चालतं. आदल्या दिवशी सकाळी घरची सगळी माणसं तिला घेऊन सांगलीला तपासणीला गेली होती. डॉक्टर दोन-तीन दिवस ठेवून घेतील अशी सगळ्यांची समजूत होती, पण त्यांनी दुपारी घरी सोडलं. आल्याबरोबर म्हातारीला मशीन लावलं. लाइट होती, त्यामुळे सगळं ठीक वाटलं. तासाभरानं लाइट गेली. एरवी या घरात लाइट गेल्याचं कळतही नसे, कारण सुभेदारानं हायब्रीड, म्हणजे सोलरला बॅटरी जोडलेला इन्व्हर्टर बसवला होता. त्या दिवशी मात्र पंखा थांबला आणि मशीनही थांबलं. म्हातारीचे ओठ निळे पडायला लागले.

"मग?"

"सूनबाई वरडली. तसा शेजारनं माझा धाकटा भाऊ पळत आला. त्यानंच आईला उचलून गाडीत घातली अन् दवाखाना गाठला. त्यो नसता तर आज मी तुमच्याकडं दुसऱ्याच कामाला आलो असतो."

मी जाऊन पंचनामा केला. जिन्याखालच्या खोलीत इन्व्हर्टर भिंतीवर होता, खाली बॅटरी. बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि छतावरून आलेल्या पॅनलच्या वायरी कटरनं साफ कापलेल्या. हात-दीड हात लांबीचे तुकडे गायब. कुलूप शाबूत. त्याच खोलीत पितळेचं मोठं घंगाळ होतं, त्याला कोणी हात लावला नव्हता. त्या दिवसांत तासगावच्या द्राक्षबागांमधून पाण्याच्या मोटारींच्या तांब्याच्या केबली चोरीला जात होत्या. माझ्या हवालदाराचं मत पडलं, तीच टोळी. मला ते पटलं नाही. भरवस्तीत दिवसा येऊन, किल्ली शोधून, कुलूप परत लावून हातभर वायर नेणारा चोर मी पाहिला नव्हता.

पंचनामा चालू असताना धाकटा भाऊ तिथंच अंगणाबाहेर उभा होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "शाबास, आईला वाचवलंस." त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, लाजला.

तिसऱ्या दिवशी सुभेदाराकडे सोलर बसवणारा दुकानदार ठाण्यात आला. मुसलमान कारागीर, बाप पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्यानं तार भरून दुरुस्त करायचा, यानं सोलरचं दुकान टाकलेलं. नव्या वायरी त्यानंच जोडल्या होत्या. चहा समोर ठेवला तरी पिईना.

"सायेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. चोर असली वायर तोडत न्हाई. आधी खटका बंद करून मग कापलीय, न्हाईतर ठिणगी उडून कटर जळाला असता. हे कुणीतरी शिकून केलंय. आन् आजून एक. सुभेदारांचं धाकटं बंधू माझ्या दुकानात तीनदा आलं. दादानं घेतली तीच मशीन, तीच बॅटरी, तेचं कोटेशन मागायला. घेतलं मात्र कायच न्हाई."

त्याच्याकडून मला मागची हकीकत कळली. गावात सोलर पहिल्यांदा बसवला तो धाकट्यानं. स्वस्तातला, विजेच्या लाइनीला जोडलेला, बॅटरी नसलेला. बिल शून्यावर आलं, गाव बघायला आलं. पण या प्रकारात एक गोम असते. लाइट गेली की हा सोलरही बंद पडतो. डोक्यावर ऊन रणरणतंय, छतावर पॅनल चमकतायत आणि घरात पंखा फिरत नाही. दुकानदारानं हे आधी सांगितलं होतं, धाकट्यानं किंमत ऐकून पुढचं ऐकलंच नाही. वर्षभरानं सुभेदार निवृत्त होऊन आला. चार दुकानं फिरला, हायब्रीड आणि साधा यातला फरक समजून घेतला आणि दुपटीहून जास्त पैसे घालून बॅटरीवाला घेतला. आई तोवर धाकट्याकडे राहत होती. मशीन लागल्यावर डॉक्टर म्हणाले, वीज जाता कामा नये. आई थोरल्याकडे गेली. पारावर लोक धाकट्याला विचारायला लागले, "काय रं, सूर्य तुझ्या छतावर अन् आई दादाच्या घरात?"

मी धाकट्याला बोलावून घेतलं. चौकशीत मी कधी आवाज चढवत नसे. माणूस घाबरला की गप्प बसतो. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि टेबलाच्या खणातून माझीच तीन कोटेशनं काढली. हे नाटक नव्हतं. साताऱ्यात माझ्या घराचं काम चालू होतं आणि माझ्या साडूनं नुकताच हायब्रीड इन्व्हर्टर बसवून सगळ्या पै-पाहुण्यांत त्याचा डंका पिटला होता. बायको रोज त्याचं कौतुक करायची आणि मी रोज ती कोटेशनं काढून, साडूपेक्षा भारी काहीतरी कमी पैशांत कुठं मिळतंय का ते बघायचो. पन्नाशी उलटलेला, गणवेशातला माणूस. पण त्या कागदांवर माझा जीव जळत होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

"मलाही घ्यायचाय," मी म्हणालो. "तुझ्या सोलरला किती खर्च आला?"

"ध्यानात न्हाई सायेब. दीड-पावणेदोन लाख असंल."

"आणि दादाच्या?"

"तीन लाख त्रेसष्ट हजार," तो लगेच म्हणाला. "इन्व्हर्टर अठ्ठ्याहत्तर हजार. बॅटरी एक लाख सव्वीस. अर्थिंगचं साडेसात हजार येगळं. साधी पाण्याची बॅटरी घेतली असती तर लय स्वस्तात पडलं असतं, पर ती चार-पाच वर्सांनी बदलावी लागती. हेची धा वर्सांची गॅरंटी. कार्ड बॅटरीच्या मागल्या अंगाला चिकटवलंय."

स्वतःच्या वस्तूची किंमत अंदाजानं आणि भावाच्या वस्तूची हजारापर्यंत पाठ. मला हसू आलं नाही, कारण साडूचा आकडा मलाही असाच पाठ होता.

"दादानं बॅटरी बसवल्यापासून तू त्या घरात गेला होतास?"

"न्हाई. उंबरा वलांडला न्हाई. परवाच, आईला उचलायला, ते बी नुसतं सोप्यात."

"मग बॅटरीच्या मागं चिकटवलेलं कार्ड तुला कसं दिसलं?"

त्यानं पाण्याचा पेला उचलला आणि तसाच परत ठेवला. बाहेर वायरलेसवर काहीतरी बोलणं चालू होतं. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"म्या आईच्या वाइटासाठनं केलं न्हाई सायेब. आईला काय करायचं न्हवतं. मला वाटलं आई दोन-तीन दिस सांगलीलाच ऱ्हाईल, बाकीची सांजच्याला घरी येतील. यवढ्यात एकदा लाइट जाईल, दादाच्या बी घरात अंधार पडंल. गाव बघंल. मग कोण म्हणणार न्हाई, धाकट्याला अक्कल न्हाई. यवढंच. सूनबाईची वरड आली तवा कळलं, आई परत आलीय. तसाच पळालो. गाडीत आई माझं मनगट धरून हुती. म्हणत हुती, तू आलास ते बरं झालं."

किल्ली दादा चौकटीवर ठेवतो हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. कापलेल्या वायरी त्यानं स्वतःच्या उसात टाकल्या होत्या. पंचांसमक्ष त्या काढून दिल्या, मुद्देमाल जप्त झाला. नुकसान आणि जीव धोक्यात घालणं, दोन्ही कलमं लावली. सुभेदाराला मी ठाण्यात बोलावून सांगितलं. तो उभाच राहिला. म्हणाला, "मला मागितली असती तर म्या त्याच्या घराला लाइन वढून दिली असती." आणि स्वतःहूनच पुढं म्हणाला, "पर म्या बी कवा इचारलं न्हाई. तेच्या छताकडं बघून हसणाऱ्यांत म्या बी हुतो."

म्हातारीचा जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. नळी नाकात, बोलताना दम लागत होता.

"आजी, धाकट्यावर राग आहे का?"

"राग हाय तर," ती म्हणाली. "मी काय उजेडाला भुलून हिकडं आले न्हाई. मला श्वास पायजे हुता. येवढं बी त्येला कळलं न्हाई? पोटच्या पोराला सांगावं लागतं व्हय?" आणि मी जबाब वाचून दाखवल्यावर हळूच विचारलं, "जेवला का त्यो?"

दोषारोपपत्र गेलं. न्यायालयात त्यानं गुन्हा कबूल केला. दंड झाला, भरपाई झाली, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तो सुटला. आई शेवटपर्यंत थोरल्याकडेच राहिली. बीटच्या हवालदारानं मला सांगितलं की धाकटा रोज संध्याकाळी येऊन तिच्या खिडकीखाली अंगणात बसायचा, भाऊ त्याच्याशी बोलत नसे. ती गेली त्या दिवशी खांदा मात्र दोघांनी पुढून दिला.

त्या प्रकरणानं माझी तपासाची एक सवय बदलली. कोणाचं काही तोडलं, जाळलं, बिघडवलं अशी फिर्याद आली की पूर्वी मी पहिला प्रश्न विचारायचो, "तुमचं वैर कोणाशी आहे?" लोक भराभरा चार नावं सांगायचे आणि त्यातलं एकही उपयोगी पडत नसे. नंतर मी विचारू लागलो, "गावात तुमची तुलना कोणाशी होते?" या प्रश्नावर माणसं थबकायची, छताकडे बघायची. आणि बऱ्याच वेळानं जे नाव सांगायची, ते त्यांच्या स्वतःच्याच आडनावाचं असायचं.