मूठभर युरिया

जाफराबादच्या आठवडी बाजारात रोपं विकणाऱ्या त्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. ओल्या गोणपाटावर मिरची-वांग्याची रोपं मांडून त्या बसायच्या. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायच्या, "घरी ऊन किती वेळ येतं?" नीट उत्तर मिळेपर्यंत रोप हातातच धरून ठेवायच्या.

मी तिसऱ्यांदा मिरचीची रोपं मागितली, तेव्हा त्यांनी रोखून पाहिलं. "आधीची कुठं गेली?"

"जळाली."

"मूठभर युरिया टाकला असंल."

मी मान डोलावली. त्या खळखळून हसल्या. "शेतकऱ्याचंच लेकरू दिसता! कुंडी हाय ती, कापसाचं वावर न्हाई. घरात कोणी जाणतं न्हाई का?"

"आई आहे."

"मंग तिला विचारायचं सोडून रोपं काय जाळून राह्यले, भाऊ?"

आता सांगतोच. दोन वर्षांपूर्वी मी आईला न विचारता वावर विकलं. ती भांडली नाही, फक्त गप्प झाली. तिच्यासमोर मातीचा विषय काढायची माझी हिंमत नव्हती. गच्चीवरच्या कुंड्याही तिच्यापासून लपवूनच ठेवल्या होत्या.

त्या दिवशी रोपं घेऊन सरळ तिच्यापुढं उभा राहिलो. "आई, वावर तुला न विचारता विकलं. चुकलो. ही रोपं कशी लावायची, सांग."

ती गच्चीवर आली. कुंडीत बोट खुपसून तिनं माती चिमटीत चोळून पाहिली.

"ही समदी उपस. शेणखत आण जल्दी. ऊन उतरलं की लावू."

दोन वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच काम सांगितलं होतं. मी घमेलं उचललं.