शनिवारची गाडी

नगर जिल्ह्यातल्या बेलापुरात माझं पशुखाद्याचं दुकान आहे. दुकानासमोर एक पांढरी पिकअप उभी असते. ती मी शनिवारी घेतली आणि वर सूट पाडून घेतली, तेही लोक जास्त पैसे द्यायला तयार असूनही गाड्या मिळत नव्हत्या त्या काळात. ही गोष्ट मी बऱ्याच जणांना फुशारकीनं सांगितली आहे, पण दरवेळी अर्धीच. उरलेली अर्धी आता लिहितो आहे. लिहायला बसल्यावर काहीतरी दाटून येईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

माझे साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे मालक, नेवासा तालुक्यात राहतात. थोडी जमीन, चार गायी. त्यांच्याकडच्या दूध संकलन केंद्राला गावोगावचं दूध गोळा करायला माणूस हवा होता. महिन्याच्या एक तारखेला जो आधी स्वतःची गाडी घेऊन हजर होईल, ती दुधाची लाईन त्याची, असं ठरलं होतं. साडूंनी कर्जाची फाईल तयार ठेवली होती. अडलं होतं ते फक्त गाडीपाशी.

मलाही गाडी घ्यायची होती. पण नड नव्हती. भाड्याच्या टेम्पोवर माझं बरं चाललं होतं.

आम्ही दोघं मिळूनच नगरला शोरूममध्ये गेलो. लॉकडाऊन उठून बरेच दिवस झाले होते, पण शोरूम रिकामाच. काचेआड एकच गाडी आणि तिच्यावर ‘विक्रीसाठी नाही’ असा कागद. मॅनेजर मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, “नंबर लावून जा. गाडी आली की फोन येईल.”

“कधी येईल?” मी विचारलं.

“वरून चिप येत नाहीत. चिपशिवाय गाडी बनत नाही.”

“चिप्स व्हय?” साडू म्हणाले. “आमच्या ष्टँडवर लई मिळत्यात. खारं पायजे का मसाला?”

मॅनेजर हसला नाही. मी सूट किती बसेल ते विचारलं. तो म्हणाला, सूट हा शब्दच विसरा, उलट सीट कव्हर, मॅट आणि वरचं कॅरिअर आमच्याकडूनच घ्यावं लागेल.

“आन् न्हाई घेतलं तर?”

“तर नंबर मागं जाईल.”

“म्हंजी नवरीचा पत्ता न्हाई, पन मांडव आधी घाला,” साडू म्हणाले. या वेळी मॅनेजरच्या मिशीखाली जरा हललं. साडूंचं असंच होतं. कुठंही गेले की माणूस त्यांच्या बाजूला सरकायचा. तासभर मी घासाघीस केली, हिशेब मांडले, दुसऱ्या शोरूमची धमकी दिली. काही उपयोग झाला नाही. साडूंनी दोन वाक्यांत मॅट फुकट मिळवली.

नंबर लावताना मॅनेजरनं फॉर्म पुढं केला. मी साडूंना म्हणालो, “तुम्ही आधी सही करा. तुम्हाला नड आहे.” हे मी मनापासून म्हणालो होतो. त्यांचा नंबर आधी लागला, लगेच मागं माझा.

परत येताना वाटेत रसवंतीवर थांबलो. ग्लास हातात घेऊन साडू म्हणाले, “साडूभाऊ, दिवाळीला सासुरवाडीच्या दारात माझी गाडी आधी लागनार बरं का. तुमी या मागनं, भाड्याच्या टेम्पोनं.”

चेष्टाच होती. साडू-साडूंमध्ये चालते. मीही हसलो. पण ते दारात लागणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. सासरे अंगणात येतील, गाडीभोवती फिरतील, बोनेटवर हात ठेवतील. मोठा जावई मी. एवढंच होतं. यापेक्षा मोठं कारण सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

मधे काही महिने गेले. मग एका शुक्रवारी दुपारी साडूंचा फोन आला. आवाज उडत होता. “आली! कुनीतरी क्यान्सल केली, आपला नंबर लागला. उद्या महिनाअखेर हाय. उद्याच्या उद्या यार्डातनं उचला म्हनतोय, न्हाईतर दुसऱ्या शाखेला पाठवनार. परवा एक तारीख. डेरीवर गाडीसकट हजर!”

मी अभिनंदन केलं.

“एकच घोळ हाय,” ते म्हणाले. “उद्या शनवार. आईला वार कळू दिऊ नका. मी तिला म्हननार, शुक्रवारीच ताब्यात घेतली, शनवार टाळून रविवारी घरी आनली. तुमाला आन् हिला, दोघांनाच सांगितलंय.”

शनिवारी लोखंड घ्यायचं नाही, घरात आणायचं नाही, हे आमच्याकडं पुष्कळ जण पाळतात. शनीचं शिंगणापूर साडूंच्या गावापासून जवळ. पण त्यांच्या आईचं नुसतं पाळणं नव्हतं. साडूंच्या वडिलांनी विहिरीवर बसवायला पाण्याची मोटर शनिवारी आणली होती, आणि त्याच हंगामात तिचाच शॉक लागून ते गेले. साडू तेव्हा लहान होते. त्या बाईनं पुढं घरात शनिवारी साधी खुरपीसुद्धा येऊ दिली नाही. हे सगळं मला माहीत होतं. मी स्वतः वार वगैरे मानत नाही.

फोन ठेवला. गिऱ्हाईकाला सरकी पेंडीचं पोतं दिलं. दुकानात कुणी नाही असं बघून साडूंच्या आईला फोन लावला. त्यांना मी मावशी म्हणायचो.

“मावशी, पेढे कधी? उद्या गाडी मिळतीय.”

“व्हय? मला न्हाई बोलला त्यो.”

“मी सांगितलं म्हणू नका हां. साडूभाऊंना त्यांच्या तोंडानं सांगू द्या. उद्या शनिवारी दुपारपर्यंत ताब्यात येईल बघा.”

शनिवारी. तो एक शब्द नसता तरी वाक्य पूर्ण होतं.

मग त्या म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंत, पाव्हणं.”

पुढचं मला बायकोकडून कळलं. मावशी फाटकात बसल्या. न जेवता बसल्या. गाडी आणायची तर माझ्या अंगावरून आण म्हणाल्या. साडूंनी मॅनेजरला रविवारी देता का म्हणून विनवलं. तो नाही म्हणाला. शनिवारी सकाळी त्यानं पुढच्या नंबराला फोन लावला. पुढचा नंबर माझा.

“आत्ता येऊन उचलणार का?” त्यानं विचारलं.

त्याच्या आवाजात घाई होती. ती मला बरोबर ऐकू आली. मी म्हणालो, “शनिवारची गाडी आहे, साहेब. या जिल्ह्यात आज ती कोण नेणार? सीट कव्हर, कॅरिअर नको. मॅट फुकट. आणि किमतीत काय सोडताय ते बोला.”

त्यानं सोडलं. महिन्याभरात त्यानं पहिल्यांदाच कुणाला सूट दिली असेल. संध्याकाळी गाडी माझ्या दारात होती. बायकोनं ओवाळलं. ओवाळताना ती गाडीकडं बघत नव्हती.

दुधाची लाईन दुसऱ्याला गेली. साडूंनी गायी विकल्या आणि नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागले. तिथंच खोली करून राहायचे, सुट्टीला घरी यायचे. मला म्हणाले, “जाऊ द्या, गाडी घरातल्या घरात तर राह्यली.” माझा संशय त्यांना आला नाही. येणार कसा? आधी तुम्ही सही करा म्हणणारा माणूस मी.

संशय त्यांनी बायकोवर घेतला. दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक मी. म्हणजे उरली ती. माझी मेव्हणी शपथा घेऊन सांगत राहिली की मी बोलले नाही. त्यांनी मावशींना विचारलं. मावशी म्हणाल्या, कुनी सांगितलं ते मी सांगनार न्हाई, शबूद दिलाय. साडूंना वाटलं, सून आहे म्हणून झाकतेय. तेव्हापासून ते तिच्याशी कामापुरतंच बोलायचे. डबा. पाणी. चावी कुठंय. माझी बायको रात्री म्हणायची, “ती खोटं नाही बोलत हो. लहानपणापासून मला माहितीय.” मी म्हणायचो, “असेल.” आणि कुशीवर व्हायचो.

मावशींनी मला कधी उघडं पाडलं नाही. उलट. जेव्हा जेव्हा जायचो तेव्हा बाजूला घेऊन म्हणायच्या, “तुमच्यामुळं माजं लेकरू वाचलं.” मग गाडीकडं बघून त्यांचा चेहरा पडायचा. “पन तुमी कशाला घेतली वो ती?” माझ्या नावानं त्या शिंगणापूरला तेल घालून यायच्या. एकदा तिथून काळा दोरा आणला. सुनेला हाताशी घेऊन केबिनमध्ये चढल्या आणि आरशाला बांधला. मेव्हणीनं दोऱ्याचं टोक धरलं होतं, मावशींनी गाठ मारली. मी खाली उभा राहून बघत होतो. मला वाईट वाटलं असं म्हणणं खोटं होईल. जिभेला सुपारी लागल्यावर काही कळत नाही, तसं आत झालं होतं, आणि तसंच राहिलं.

या वर्षी मावशी गेल्या. बातमी कळली तेव्हा माझ्या मनात पहिलं जे आलं ते असं: आता कुणाला कळणार नाही. मग लगेच दुसरं: म्हणजे आता मेव्हणीला कुणी सोडवणार नाही. माझ्याशिवाय.

तरी मी दहाव्याला गप्प होतो. तेराव्याच्या जेवणासाठी भाड्याची पातेली माझ्याच पिकअपमधून नेली. अंगणात पंगत बसली. साडू आमटी वाढत होते, मेव्हणी बुंदी. कुण्या एका म्हाताऱ्या पाहुण्यानं वर्षश्राद्धाचा विषय काढला. “कोन्च्या वारी येतंय रं?”

“वार हिला इचारा,” साडू म्हणाले. “वार सांगायचं काम हिच्याकडं असतंय.”

ज्यांना माहीत होतं ते थोडं हसले. मेव्हणी खाली वाकून पुढच्या पत्रावळीत बुंदी वाढत होती. तिचा हात थांबला नाही. तिला सवय झाली होती, हे मला तेव्हा दिसलं.

“वार मी सांगितला होता,” मी म्हणालो.

“काय?” शेजारच्यानं विचारलं.

“त्या शुक्रवारी मावशींना फोन मी केला होता. हिनं नाही. मुद्दाम केला होता.”

मोठ्यानं बोललो नव्हतो, पण पंगतभर ऐकू गेलं. साडूंनी बादली खाली ठेवली.

“आन् गाडी तुमी घेतली,” ते म्हणाले.

“हो.”

“सूट बी घेतली.”

“हो.”

मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर चाललं असतं. ते वळले, बायकोकडं बघितलं. “अगं...” एवढंच म्हणाले.

“आमटी पुढं न्या,” ती म्हणाली. “माणसं खोळंबलीत.”

मग ती माझ्यासमोर आली. “दाजी, बुंदी?” सगळ्यांना वाढली तेवढीच मला वाढली. मी खाल्ली.

संध्याकाळी पातेली मी एकट्यानंच गाडीत चढवली. शेवटचं साडूंनी आणून दिलं. मी चावी त्यांच्यापुढं धरली. “गाडी ठेवून घ्या.”

“आता कुटं दूध हाय?” ते म्हणाले. “मला काय देताय? तिला काय देनार ते बोला.”

मी चावी खिशात टाकली. माझी बायको ओट्यावर बसून होती. निघायचं का विचारलं, तर म्हणाली, “तुम्ही जा. मी राहते हिच्यापाशी.”

इंजिन सुरू केलं तेवढ्यात मेव्हणी आली. पलीकडचं दार उघडून केबिनमध्ये चढली. मला वाटलं आता बोलेल. तिनं आरशाचा दोरा हातात घेतला.

“तुम्ही त्यांचं लेकरू वाचवलं म्हणून आत्यांनी हा बांधला होता. कसं वाचवलं ते मला आज कळलं,” ती म्हणाली.

गाठ जुनी होती, घट्ट बसलेली. नखानं सुटेना. मी इंजिन बंद केलं. ती घाई न करता सोडवत राहिली. शेवटी दोरा सुटला. तो मुठीत घेऊन ती उतरली आणि घराकडं गेली. साडू दारात उभे होते, ते बाजूला झाले. त्यांनी तिला काहीतरी विचारलं. जेवलीस का, असं असावं. ती न थांबता आत गेली.