मासळीचा डबा

आज सकाळी शेजारी कुणीतरी जायकवाडीची मासळी तळत होतं. तो वास आला आणि माझं डोकं फिरलं. वीस वर्षं झाली, तरी फिरतं.

त्या रविवारी आमच्या चर्चचं प्रीतिभोजन होतं. वैजापूरकडच्या खेड्यांतून अंदाजापेक्षा दुप्पट माणसं आली आणि खिचडी अर्ध्या पंगतीतच संपली. पाळकसाहेब डोळे मिटून म्हणाले, "पाच भाकरी, दोन मासळ्या प्रभू येशूनं पाच हजारांना पुरतील इतक्या वाढवल्या. आजही वाढवील."

मी तेव्हा कॉलेजात शिकवत होते. मला कुठलं राहवतंय! भर पंगतीत सुनावलं, "भाकरी अशा वाढत नसतात, साहेब. लोकांनी लपवलेल्या शिदोऱ्या सोडल्या, हाच तो चमत्कार. गोष्टीचा अर्थ घ्या."

रिकाम्या पत्रावळीपुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "व्हय बाई, पटलं. मग सोडा की तुमचा बी डबा. मघापासनं मासळीचा वास येतोय."

डबा होता. चर्चची खिचडी मला नको असायची, म्हणून आणलेला.

"मुलांसाठी आहे तो," मी धडधडीत खोटं बोलले आणि पिशवी काखेत दाबली.

म्हातारीनं पदराची गाठ सोडली, शिळी भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. "मग हे खा. लेकरांना दिल्यावर तुमाला काय राहील?"

पाळकसाहेबांचा निदान त्यांच्या शब्दांवर विश्वास होता. मला अर्थ पक्का ठाऊक होता. तिची भाकरी मी खाल्ली, आणि डबा तसाच घरी नेला.