इक्बालची खबर

आमच्या पलटणीला काँगोचा हुकूम आला तेव्हा मी हवालदार होतो आणि इक्बाल मुकादमही हवालदार होता. आम्ही एकाच दिवशी भरती झालो, ट्रेनिंग एकत्र केलं आणि कंपनीही एकच मिळाली. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले. तो खाडीकडचा, मी घाटाखालचा. माझं फायरिंग त्याच्यापेक्षा चांगलं होतं, ड्रिल चांगली होती, अक्षरही चांगलं होतं. तरी कुठेही गेलो की लोक त्याच्याभोवती जमत आणि मी बाजूला सामान मोजत उभा. मला त्याचा हेवा वाटायचा. हे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो, म्हणजे पुढे आडपडदा नको.

सध्या मी मस्कतला, अल् खुवैरमधल्या एका मालवाहतूक कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. राहायला वादी कबीरला, वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत. आमची कंपनी आता पूर्व आफ्रिकेत धंदा वाढवते आहे. मीटिंग रूमच्या भिंतीवर आफ्रिकेचा मोठा नकाशा लावलाय. त्यावर बंदरं, खाणी आणि रस्ते वेगवेगळ्या रंगांत. ऑफिसातली तरुण मंडळी त्याच्यासमोर उभी राहून चीनने काय घेतलं, अमेरिकेला काय हवंय, आपण कुठे घुसायचं यावर जोरात बोलतात. मी तिथे नोकरी केली आहे असं कळल्यापासून जेवणाच्या सुट्टीत मला गाठतात. "काका, सांगा ना, खरंच तसं आहे का?" म्हणून लिहितो.

आमचा बेस काँगोच्या पूर्वेला, डोंगरात होता. निळी हेल्मेट घालून शांतता राखायची, असा हुकूम. जमीन अशी की काठी टोचली तर पालवी फुटावी. त्याच जमिनीखाली मोबाईल आणि बॅटऱ्यांना लागणारी खनिजं. त्यामुळे सगळ्या जगाचं तिकडे लक्ष, आणि ते सगळं जमिनीखाली. वर राहणाऱ्या माणसांकडे कुणाचं नव्हतं. सरकार राजधानीत, राजधानी विमानाने जायच्या अंतरावर. खाणीपर्यंतचा रस्ता गुळगुळीत होता आणि खाणीच्या फाटकाशी संपत होता. पुढे चिखल. एका म्हातारीने मला विचारलं होतं, "खाणीचे ट्रक येतात तेव्हा रस्ता मोकळा असतो. माझी सून बाळंतपणात अडली तेव्हा का नव्हता?" डोंगरात बंदूकवाल्या टोळ्या होत्या, त्यांच्यात मिसरूड न फुटलेली पोरं होती, आणि एकेका टोळीला कुठून तरी पैसा पुरवला जात होता. खालच्या मैदानात घरदार सोडून आलेल्यांची छावणी होती.

रोजचं काम म्हणजे पेट्रोलिंग. सकाळी फॉल-इन, गाड्यांची तपासणी, रेडिओ चेक, मग गावांची फेरी. गावात शिरलं की मुखियाला भेटायचं, काल काय घडलं ते विचारायचं, रिपोर्ट द्यायचा. मी दुभाष्यामार्फत थेट विचारायचो. रात्री फायरिंग झालं का? माणसं कुठून आली? मुखिया माझ्याकडे बघायचा आणि 'माहीत नाही' म्हणायचा.

इक्बाल मात्र स्टुलावर बसायचा. तिथली स्वाहिली भाषा त्याने आल्यापासून उचलली होती. बरेच शब्द आपल्यासारखेच, अरबीतून आलेले, त्यामुळे त्याला ती सोपी गेली. तिथली रीत अशी की कामाचं काहीही बोलण्याआधी खबर विचारायची. 'हबारी झा न्युंबानी?' घरची खबर काय? मग मुलांची, शेताची, गुरांची, झोपेची, कालच्या दिवसाची. आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, 'न्जेमा'. छान. घरात मयत झालेलं असलं तरी आधी न्जेमा म्हणायचं. सगळ्या खबरा संपल्या की मग म्हणायचं 'लाकिनी', म्हणजे पण. खरी गोष्ट त्या लाकिनीनंतर येते.

"मेल्या, घाई कसली करतोस?" तो मला म्हणायचा. "माणसाला आधी घरचं विचारावं. मग तो आपणहून सांगतो."

"रिपोर्ट दहा वाजता द्यायचा असतो."

"दे की. 'न्जेमा' म्हणून दे."

त्याला गावागावांत खबरा मिळायच्या आणि कंपनी कमांडर ब्रीफिंगमध्ये त्याचं नाव घ्यायचे. मी एकटा पेट्रोलवर गेलो की बायका गाडीत वाकून बघायच्या. "इक्बाल कुठाय?" त्याच्यासाठी आंब्याच्या झाडाखाली स्टूल ठेवलेलं असायचं, त्यावर दुसरं कुणी बसायचं नाही. माझं नाव त्या लोकांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. एकदा तरी कुणीतरी 'भास्कर कुठाय' विचारावं, एवढीच माझी इच्छा होती. हसण्यासारखी आहे, पण होती.

पावसाळ्यात छावणीत कॉलरा आला. सलाईनचा एक ट्रक तिथे पोचवायचा होता. रस्ता एकच, खाणीच्या पुढचा. पुढच्या गाडीत इक्बाल, मध्ये ट्रक, मागच्या गाडीत मी. निघण्याआधी मीच पुढची गाडी मागितली होती. कमांडर म्हणाले, "नहीं, सावंत. आगे बातचीत करनी पड़ेगी. मुकादम जाएगा." मी 'जी साब' म्हटलं आणि मागे बसलो. अंगाचा तिळपापड झाला होता.

खाणीपलीकडच्या गावाशी रस्त्यावर झाडाचा ओंडका आडवा होता. त्यामागे गाव उभं. आदल्या दिवशी खाणीच्या पहारेकऱ्यांनी त्यांच्या एका माणसाला गोळी घातली होती आणि गणवेश म्हटला की त्यांना सगळे सारखेच. काहींच्या हातात कोयते होते. इक्बालने रायफल गाडीतल्या साथीदाराकडे दिली, हेल्मेट काढून काखेत घेतलं आणि फक्त रेडिओ सेट घेऊन पायी पुढे गेला.

मी मागून दुर्बिणीतून बघत होतो. मुखिया बोट नाचवत ओरडत होता. इक्बाल मान हलवत ऐकत होता. मग मुखियाचं बोट खाली आलं. दोघे ओंडक्यावर बसले. तो टायगर वन, मी टायगर टू; मी सेट उचलला.

"टायगर वन, टायगर टू. किती वेळ? ओव्हर."

"टायगर टू, शेतापर्यंत आलोय. अजून गुरं बाकी आहेत. ओव्हर."

ड्रायव्हर हसला. मी नाही हसलो.

शेवटी गावकऱ्यांनीच ओंडका बाजूला घेतला. इक्बालने हाताने खूण केली, ट्रक पुढे सरकला. ट्रकचं मागचं चाक ओंडक्यापलीकडे गेलं आणि डाव्या टेकडीवरून फायरिंग सुरू झालं. टोळीला ट्रक हवा होता. गाव पांगलं. माझ्या गाडीच्या मशीनगनने टेकडीला उत्तर दिलं. मी ट्रकच्या ड्रायव्हरला रेडिओवर एकच गोष्ट सांगत होतो, थांबू नकोस. तो थांबला नाही. वळणाआड गेला.

फायरिंग विरळ झालं.

"टायगर वन, टायगर टू. सिच्युएशन? ओव्हर."

सेटवर खरखर.

"टायगर वन, सिच्युएशन? इक्बाल?"

"न्जेमा," तो म्हणाला.

मी त्या रीतीची वर्षभर थट्टा केली होती, पण ती मला पाठ होती. लाकिनीची वाट न बघता मी गाडीतून उडी मारली आणि पळालो. माझी माणसं टेकडीवर फायर देत राहिली. इक्बाल ओंडक्याच्या आड पालथा होता आणि त्याच्या अंगाखाली मुखिया. म्हाताऱ्याला खरचटलंही नव्हतं. इक्बालला काखेत गोळी लागली होती, जिथे बुलेटप्रूफ जॅकेट संपतं तिथे. मी त्याला उताणा केला, पट्टी दाबून धरली. त्याचं बोट अजून सेटच्या बटणावर होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मला ओळखलं असावं. हेलिकॉप्टर येण्याआधी तो गेला. सलाईन त्याच दुपारी छावणीत पोचलं आणि तिथली मुलं उठून बसली, असं डॉक्टरांनी नंतर कळवलं.

पुढची गाडी मला मिळाली. आता बोलणं मलाच करावं लागणार होतं, म्हणून मी स्वाहिली शिकलो, स्टुलावर बसायला शिकलो, त्याच्या नव्हे, दुसऱ्या. प्रत्येक गावात घर, मुलं, शेत, गुरं झाली की शेवटचा प्रश्न यायचा, इक्बालच्या घरची खबर काय? त्याच्या आईची? मुलीची? आणि मी रीतीप्रमाणे म्हणायचो, न्जेमा. टूर संपेपर्यंत म्हणत राहिलो. मेलेल्या माणसाचा हेवा करणं मूर्खपणाचं आहे, मला कळतं. तो छत्तीसचा राहिला, मी सुभेदार होऊन पेन्शनीत निघालो, गुडघे गेले. हेवा गेला नाही.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसचे मॅनेजर पेंडसे साहेब माझ्याकडे आले. पुण्याचे, वयाने माझ्या मुलाएवढे. "सुभेदार, इब्रा गावात एक बडे अर्बाब आहेत, मोठे व्यापारी. झांझिबारला जन्मलेले. तिकडच्या किनाऱ्यावर अर्ध्या लोकांशी त्यांचं नातं आहे. ते बरोबर आले तर आपलं काम होईल. घरात स्वाहिली बोलतात म्हणे. माझ्याबरोबर याल? बोलायला तुम्ही हवेत."

बोलायला मी हवा होतो. इतक्या वर्षांत हे वाक्य मला पहिल्यांदाच कुणी ऐकवलं. मी ब्लेझरला इस्त्री केली, पलटणीचा टाय बांधला, छातीला मिशनच्या मेडलची पट्टी लावली.

इब्राच्या सूकमागे, म्हणजे बाजारामागे त्यांचं घर. पाहुण्यांच्या बैठकीत, मजलिसमध्ये, खाली गाद्या, मध्ये खजूर. सालिम अर्बाब बरेच वृद्ध होते, पण पाठ ताठ. त्यांचा मुलगा फिंजानमध्ये, म्हणजे चिमुकल्या पेल्यांत कहवा ओतत होता. मी बसलो आणि सुरू केलं. हबारी झा न्युंबानी? म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी विचारलं, मी न्जेमा म्हटलं. मी विचारलं, त्यांनी म्हटलं. मुलं, नातवंडं, खजुराची झाडं, प्रवास, पाऊस. काही राहिलं नाही. पेंडसे साहेब खूश होऊन ऐकत होते. मला वाटलं, आज आपला दिवस आहे.

मग म्हाताऱ्याने विचारलं, "ही डोंगरातली स्वाहिली. पण खबर विचारायची पद्धत जुन्या माणसांची. कुणी शिकवलं तुला?"

'माझं मीच' म्हणता आलं असतं. पडताळायला कोण जाणार होतं? पण त्या रीतीत बसून तोंडातून दुसरं नाव निघेना.

"हवालदार इक्बाल मुकादम," मी म्हटलं. "माझा साथीदार."

म्हातारा सावरून बसला. "इक्बालच्या घरची खबर काय?"

"न्जेमा."

"आईची?"

"न्जेमा." आई मागच्या वर्षी गेली.

"मुलांची?"

"न्जेमा. मुलगी डॉक्टरकी शिकते."

"आणि इक्बालची?"

"न्जेमा," मी म्हटलं.

म्हातारा थांबला. त्याला माहीत होतं काय यायचं राहिलंय. मुलगा कहवा ओतत राहिला, कारण बस झालं म्हणून फिंजान हलवायचं मी विसरलो होतो.

"लाकिनी," मी म्हणालो.

आणि मग सगळं सांगितलं. ओंडका, ट्रक, टेकडी, सेटवरचा तो एक शब्द. हे मी स्वाहिलीत कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. मराठीतही नाही. म्हाताऱ्याने कहवा खाली ठेवला. "पोले," तो म्हणाला. दुःख झालं की तिकडे एवढंच म्हणतात. कामाचं बोलणं त्यांनी पुढच्या भेटीवर ठेवलं, पण भेट नक्की केली. पेंडसे साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दारापर्यंत म्हातारा सोडायला आला. माझा हात हातात धरून म्हणाला, "शुक्रवारी दुआ करीन. त्याचं पूर्ण नाव सांग, बापाच्या नावासकट."

मी सांगितलं. हवालदार इक्बाल दाऊद मुकादम. म्हाताऱ्याने दोनदा म्हणून पाहिलं, मुलाकडूनही म्हणवून घेतलं.

माझं नाव त्याने विचारलं नाही.