मारोतीच्या वाट्याचं तेल

आमची पहिली दोन लेकरं जन्मताच गेली. तेव्हापासून देवापुढे उभा राहिलो की माझ्या तोंडून शब्द निघत नसे. हात जोडायचे म्हणून जोडायचो. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील तेव्हा. परतवाड्यात माझं मोटारदुरुस्तीचं लहानसं दुकान होतं आणि तिसऱ्या बाळंतपणासाठी बायको माहेरी, हिवरखेडला गेली होती.

एका शनिवारी सकाळी मेहुणा पहिल्या बसने आला. "भाऊजी, ताई अडली हाये. सुईण म्हनते, अकोल्याले न्या," एवढंच त्याला बोलता आलं. परतीच्या बसला वेळ होता, भाड्याची गाडी मिळेना. दुकानात उभी होती ती फक्त खानसाहेबांची स्पोर्ट्स कार; जुनी, विलायती, उघडी, दोनच माणसं बसतील अशी. सागाचा व्यापार करणाऱ्या खानसाहेबांनी ती मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रजाकडून हौसेने घेतली होती. इंजिनखालच्या चेंबरच्या सांध्यातून तिचं तेल गळायचं आणि मुंबईहून मागवलेलं पॅकिंग अजून आलं नव्हतं. मी विचारायला गेलो, तर ते म्हणाले, "पूछता क्या है बेटा, जा, बहू को दवाखाने पहुँचा."

जाड कागदाचं पॅकिंग कापून बसवलं, तेल भरलं आणि मेहुण्याला बसने यायला सांगून एकटाच निघालो. अंजनगाव मागे पडलं. अकोटच्या अलीकडे तेलाच्या दाबाचा काटा उतरायला लागला. गाडीखाली शिरून पाहिलं, तर कागद एका कोपऱ्यात फाटला होता आणि मागे रस्ताभर तेल सांडत आलं होतं. तसाच पुढे गेलो असतो तर इंजिन जाम झालं असतं. कपाशीच्या शेतांमधल्या त्या रस्त्यावर, भर उन्हात, मी चाकाला टेकून बसलो. म्हटलं, "आता माझ्याच्यानं होत नाही. तू पाहा." एवढंच. पुढे काही मागायचंही सुचलं नाही.

थोड्या वेळाने पायवाटेने एक म्हातारी आली. एका हातात तेलाची बरणी, दुसऱ्यात रुईच्या पानांची माळ. पलीकडच्या मारोतीला निघाली होती.

"काहून बसला बाप्पा असा?"

मी सांगितलं. सांगता सांगता रडू आलं. तिने बरणी माझ्यापुढे ठेवली.

"हे चालते का तुह्या गाडीले?"

"मारोतीचं हाये ना, माय."

"सुनेसाठी नवस केला होता. तिचं सुखरूप झालं. आता तुही बायको अडली, तं मारोती काय तेलासाठी रुसून बसन?"

माळेचा दोरा मीच मागितला. तिने एकेक पान हळूच ओढून पदरात ठेवलं आणि दोरा दिला. मी त्याला हत्यारांच्या पेटीतला कपड्याचा साबण चोळला, चेंबरचे बोल्ट सैल करून फाटलेल्या जागी तो दाबून बसवला आणि बोल्ट पुन्हा आवळले. तिळाचं तेल इंजिनात घालायचं नसतं, हे मला कळत होतं. दुसरं काही नव्हतं, म्हणून तेच ओतलं. गाडी सुरू केली. काटा थरथरत वर आला.

"जाय आता," ती म्हणाली, "अन् तिच्यापुढं रडू नको. घाबरन ते."

अकोटला नेहमीचं तेल मिळालं. दोरा मात्र तोच राहिला. हिवरखेडहून हिला शेजारच्या आसनावर उशांच्या आधाराने निजवलं आणि दुपार कलायच्या आत अकोल्याचा दवाखाना गाठला.

शनिवार होता, म्हातारी दर शनिवारी त्या वाटेने जात असेल. साबण लावलेल्या दोऱ्याने गळती थांबते, हेही कुठलाही मिस्त्री सांगेल. मी कुणाशी वाद घालत नाही. पण मी "तू पाहा" म्हटलं आणि कुणीतरी पाहिलं, एवढं मला ठाऊक आहे. दवाखान्याच्या ओसरीत माझ्या हाताला काहीच काम नव्हतं. आवळायला बोल्ट नव्हता, ओतायला तेल नव्हतं. आयुष्यात प्रथमच मला नुसतं बसून राहणं जमलं.

आतून रडणं ऐकू आलं. नर्सबाई मुलीला घेऊन बाहेर आल्या; आईही सुखरूप आहे म्हणाल्या. "माझे हात काळे आहेत," मी म्हणालो. त्यांनी दुपटं आणखी एकदा गुंडाळलं आणि तिला माझ्या हातांवर ठेवलं. देवाला नमस्कार करावा असं फार वाटलं, पण हात मोकळे नव्हते. नमस्कार तसाच पोचला असावा.